तिसऱ्या मजल्याची चाल

वैजू,

तुझ्या शोकसभेत सगळ्यांनी मिळून तुला मनमिळाऊ करून टाकलं. गिरगावातल्या त्या हॉलमध्ये एकेक जण उठत होता, तुझ्या ऑफिसातले साहेब, तुमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच. मनमिळाऊ, शांत, आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मास्तरला रडू आवरत नाहीये. खरं तर हसू आवरत नव्हतं. बावीस वर्षांत तू मला इतक्या वेळा सोलून काढलंस, आणि ही माणसं म्हणे तू कुणाला दुखावलं नाहीस!

सईने मला बोलायची दोनदा खूण केली. तुझीच लेक, तिसऱ्यांदा सरळ डोळे वटारले. तरी मी उठलो नाही. बेंजो वाजवणाऱ्याला माइकसमोर नुसतं बोलायची सवय नसते, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला जे बोलायचं होतं ते तुझ्या साहेबांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशी बोलायचं होतं. तू असतानाच बोलायला हवं होतं, पण ते मी केलं नाही. म्हणून हा कागद.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा आमच्या व्यायामशाळेच्या दारात आलीस ते? लालबागच्या चाळीतली ती व्यायामशाळा, संध्याकाळी तिथे पोरं जोर मारून गेली की आमच्या बेंजो पार्टीची तालीम चालायची. अकरा जण घामाघूम होऊन वाजवत होतो आणि दारात तू, खांद्याला झोळी, डोळ्यांवर जाड चष्मा. मला वाटलं, आवाजाची तक्रार करायला कुणीतरी बाई आली.

"मला तुमची पार्टी हवीय," तू म्हणालीस.

मी लगेच पावतीपुस्तक काढलं. आमच्यात सुपारी घेतली की छापील पावती भरायची, ही पद्धत. "लग्न का पूजा?"

"गेम आहे. कॉम्प्युटरचा."

मी लिहिलं, कार्यक्रमाचे स्वरूप: गेम. "तारीख?"

"येता शनिवार. सहा ते दहा."

"मिरवणुकीचा मार्ग?"

तू जराही न हसता सांगितलंस, "तळमजल्यावरचा नळ ते तिसरा मजला."

मीही न हसता तसंच लिहिलं. मार्ग: तळमजल्यावरचा नळ ते तिसरा मजला. खाली सही केली, अनंत, पार्टीप्रमुख. मला वाटलं, बाई जरा सटकलेली आहे, पण ॲडव्हान्स कोण सोडतो.

मग तू आम्हाला समजावून सांगितलंस. चाळीत चाळीस मिनिटं पाणी येतं. खालचा नळ सुरू झाला की बादल्या भरायच्या आणि पाणी जायच्या आत तिसऱ्या मजल्यावरचा पिंप भरायचा. वाटेत जिन्यात झोपलेला माणूस, दुसऱ्या मजल्यावरचं क्रिकेट, आणि ती काळे आजी, जी भरल्या बादलीने माणूस उभा असताना नेमकी सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागते. पाय घसरला की अर्धी बादली सांडली. गेमचं नाव, 'पाणी आलं'. आमच्यातला टिल्लू ताशा खाली ठेवून म्हणाला, "आयला, हे तर आम्ही रोज सकाळी फुकट खेळतो." तू म्हणालीस, "म्हणूनच तुमच्याकडे आलेय. बाकीचे गेम बंदुकीचे असतात, आणि मी बंदूक कधी बघितलेली नाही."

तू एका बँक क्लार्कची मुलगी, गिरगावातल्या दोन खोल्यांत असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर एकटीने गेम लिहिणारी. त्या काळात हे कुणी करत नव्हतं, निदान आमच्या ओळखीत तरी नाही. मी तेव्हा हे बोललो नाही, आज बोलतो. मला तुझा त्या पहिल्या दिवसापासून अभिमान वाटला. वेड लागलेली माणसं मला लगेच ओळखू येतात.

त्या शनिवारी तू भिंतींना गोधड्या टांगल्यास, डबल बारला माइक बांधलास आणि आम्हाला चार तास पिळून काढलंस. नळाची एक चाल, पाणी सांडलं की वाजायची ती दुसरी, आणि तीन मजल्यांच्या तीन. ढोलाचा ठोका पडला की कोपऱ्यातल्या डंबेल्सच्या लोखंडी चकत्या किणकिणायच्या. मी म्हटलं, त्या बाहेर काढू. तू म्हणालीस, राहू देत, बादलीच्या कडीसारख्या वाजतायत. पाणी कमी व्हायला लागलं की चाल चढवायची, आणि तिसऱ्या मजल्यावर तर अशी सुटायची की खेळणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे. ती तिसऱ्या मजल्याची चाल दादरपासून लालबागपर्यंतच्या सायबर कॅफेतली सगळी पोरं तोंडाने वाजवायची. सीडीच्या कव्हरवर छापलं होतं, 'संगीत: अनंत मास्तर आणि पार्टी'. ते कव्हर मी फ्रेम करून दारासमोर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचो.

पुढे काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कॉम्प्युटर बदलले, सीडी चालेनाशी झाली, कॅफे बंद पडले. 'पाणी आलं' कुठेच उरला नाही. तू नोकरीला लागलीस, सईला मोठं केलंस, आणि दर गणपतीत आमच्याकडे येऊन त्या फ्रेमकडे बघून म्हणायचीस, "धूळ पुस जरा."

मग मागच्या वर्षी तुझा फोन. जुने गेम नव्याने विकणारी एक कंपनी, तिला 'पाणी आलं' हवा होता. फोनवर चालेल असा करून देणार होते. तू एवढी खूष होतीस की मला तासभर काय बोलतेस तेच कळेना. फक्त एक अडचण, तू म्हणालीस. संगीताचे कागद लागतील.

कागद एकच होता. माझी पावती. तुझ्या फाइलमध्ये बावीस वर्षं जपून ठेवलेली. ती तू कंपनीच्या वकिलाला पाठवलीस आणि त्या बिचाऱ्याने तुला व्हिडिओ कॉलवर शांतपणे विचारलं, "मॅडम, या गेममध्ये मिरवणूक नक्की कुठे आहे?" पुढचं त्याचं म्हणणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. ही परवानगी एका संध्याकाळची, सहा ते दहाची. पुन्हा विकायची नाही. सही एकट्या प्रमुखाची, आणि त्याला बाकीच्या दहा जणांच्या वतीने सही करायचा अधिकार कुणी दिला त्याचा कागद नाही. वाजवणाऱ्या प्रत्येकाची सही हवी, जो हयात नसेल त्याच्या वारसाची, आणि प्रत्येक चाल कुणी रचली ते लिहून हवं. नाहीतर सोपा मार्ग आहे, तो म्हणाला. संगीत काढून टाका, आम्ही तयार संगीत विकत घेऊन घालतो.

आपलं त्यावरून परळच्या त्या हॉटेलात जे भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं, "काढून टाक. गेम तुझा आहे, तो वाचव. आमचं टणटण काय घेऊन बसलीस."

"मग नळ पण काढते. जिना पण काढते," तू म्हणालीस. "नुसती बाई राहील बादली घेऊन उभी."

"अगं, कोण शोधणार अकरा जणांना? निम्मे कुठे आहेत तेही माहीत नाही."

"तू प्रमुख ना? तुला माहीत असायला हवं."

"परत वाजवून देतो की. नवी पार्टी आणतो."

"त्यात सदाची ढोलकी असेल?" तू विचारलंस. सदा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. तू चहा तसाच टाकून उठलीस आणि जाताना म्हणालीस, "मास्तर, तुला हे संगीत राहू नये असं का वाटतंय, ते मला कळत नाही. पण मी ते ठेवणार."

तू कामाला लागलीस. आणि पहिल्या दिवशीच माझी अब्रू गेली. तू वही उघडून म्हणालीस, "सांग, पूर्ण नावं." मी सांगितली, टिल्लू, बाटली, चिक्या, काळू. तू पेन खाली ठेवलंस. "ही काय नावं आहेत? वकिलाला बाटलीची सही पाठवू?" खरं सांगतो, वीस-वीस वर्षं ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्यातल्या चौघांची खरी नावं मला येत नव्हती. बाटलीचं नाव विनायक आहे, हे मला तू सांगितलंस. तो दादरच्या एका शाळेत शिपाई आहे. तू त्याला भेटायला गेलीस तेव्हा "थांबा, घंटा देऊन येतो" म्हणाला आणि येऊन तुझ्या कागदावर सही करता करता रडला. त्याचं नाव कुणी असं टाइप केलेलं त्याने आधी पाहिलं नव्हतं, पगारपत्रक सोडून.

वकिलाचा मसुदा इंग्रजीत सात पानांचा. तू त्याच्यावर मराठीत सहा ओळी लिहिल्यास आणि प्रत्येकाला आधी त्या वाचून दाखवायचीस. 'हे संगीत मी वाजवलं आहे. ते या गेममध्ये राहावं याला माझी संमती आहे. माझं नाव गेममध्ये दिसेल.' बाकीच्या तीन ओळी कायद्याच्या. रे रोडला टिल्लूच्या वखारीत तू लाकडाच्या फळ्यांवर बसून त्याला वाचून दाखवलंस, त्याने कानावरची सुताराची पेन्सिल काढून सही केली आणि तू ती खोडून पेनने परत करायला लावलीस. कॅसिओवाल्याने विचारलं, माझं नाव कितवं? तू म्हणालीस, जो आधी सही करेल तो वर. मग त्याने तुझ्या हातातून कागद ओढूनच घेतला. हे सगळं तू मला फोनवर हसत हसत सांगायचीस.

त्या दिवसांत तू परळच्या हॉस्पिटलात आठवड्याला यायचीस. आईला दाखवायला आणते, असं मला सांगितलं होतंस. तिथून चालत चिंचपोकळीला यायचीस, काळूच्या वर्कशॉपमध्ये, चिक्याच्या घरी. डोक्याला रुमाल बांधलेला. मी विचारलं तर म्हणालीस, ऊन लागतं. मी मानलं. मी मूर्ख आहे, वैजू, पण तूही पक्की खोटारडी. सुई टोचून घेतलेल्या हाताने तू आमच्या सह्या गोळा करत फिरत होतीस, आणि मला वाटत होतं की बाई हट्टाने फिरतेय.

अडलं ते सुलभावहिनींपाशी. सदाची बायको, आता अँटॉप हिलला मोठ्या मुलाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये असते. तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा त्यांनी तुला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि सही दिली नाही. तिथून तू सरळ माझ्याकडे आलीस. दारातच फ्रेमसमोर उभी राहिलीस.

"वहिनींनी मला एकच विचारलं," तू म्हणालीस. "'अनंत मास्तर आणि पार्टी. ह्या पार्टीत कोण होते गो?' हे कव्हर मीच छापलंय."

"सगळीकडे असंच लिहितात," मी म्हटलं. "प्रमुखाचं नाव आणि पार्टी. रेकॉर्डवर, बॅनरवर. आमच्यात असंच असतं."

"असंच असतं म्हणून ते बरोबर आहे?"

मी हसण्यावारी नेलं. तू नाही नेलंस. त्या दिवशी तू मला जे बोललीस ते मनमिळाऊ बाई बोलत नाही. पण जाता जाता म्हणालीस की चूक आपल्या दोघांची आहे, आणि तू तुझी अर्धी सुधारणार. अकरा नावं, एकाखाली एक, सारख्या अक्षरात. तुझं स्वतःचं नाव त्यांच्यानंतर. 'आणि पार्टी' हे शब्द गेममधून कायमचे गेले. ऐकून मी म्हटलं, बरं.

पुढच्या खेपेला तू वकिलाने मागितलेला तो दुसरा कागद आणलास. पाच चाली, समोर रकाना, 'चाल कुणाची'. चार ठिकाणी तू माझं नाव टाइप करून आणलं होतंस. पाचव्या, तिसऱ्या मजल्याच्या चालीसमोर काहीच नव्हतं. मी म्हटलं, "विसरलीस वाटतं." तू म्हणालीस, "सवडीने भर." आणि दुसरं काहीतरी बोलायला लागलीस. तू कधी काही विसरत नाहीस हे मला माहीत होतं. मी तो कागद घेतला आणि कपाटात ठेवला.

सात महिने तो तिथे होता. दर फोनला तू सगळ्यांची खबर द्यायचीस. त्या कागदाचं एकदाही विचारलं नाहीस.

आता ऐक. ती चाल माझी नाही. सदाची आहे.

तेव्हा सदा आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, मी दुसऱ्या. वहिनींना सातवा महिना होता, म्हणून सकाळचं पाणी तोच वर न्यायचा. दोन हातांत दोन बादल्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबला की बोटातल्या अंगठीने बादलीवर ठेका. दम लागला की चाल तुटायची, परत उचलायची. मी गॅलरीत दात घासत उभा असायचो. आठवडाभर ऐकलं आणि एक दिवस वर्तमानपत्राच्या कडेला सरगम लिहून घेतली. त्या शनिवारी तू म्हणालीस, तिसऱ्या मजल्यासाठी काहीतरी चढत जाणारं द्या. मी बेंजोवर ती वाजवली. समोर सदा ढोलकी घेऊन बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ठेका धरला. तू टाळी वाजवून विचारलंस, "मास्तर, ही तुमची?" मी म्हटलं, "मग कुणाची?"

मधल्या सुट्टीत सदा माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "बरी बसवलीस." त्यानंतर मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. मीही नाही. आणि मी संगीत काढून टाक म्हणून भांडत होतो ते गेम वाचावा म्हणून नव्हे. तो रकाना भरायची वेळ येऊ नये म्हणून. अख्ख्या लालबागला मी बावीस वर्षं सांगत आलो होतो की ती चाल माझी.

एक गोष्ट अजूनही सांगतो, आणि ती फक्त तुला. मधला तुकडा, जिथे चाल खाली येऊन परत उसळते, तो माझा आहे. सदाच्या गुणगुणण्यात तो नव्हता. यावर तू माझ्याशी भांडली असतीस, चाल म्हणजे काय, गुणगुणणाऱ्याची का बसवणाऱ्याची, दोन तास. ते भांडण करायची माझी तयारी होती. आता एकट्याने दोन्ही बाजू मांडत बसतो आणि दर वेळी तू जिंकतेस.

तेराव्याला सईने मला तुझी निळी फाइल दिली. "आईने सांगितलं होतं, मास्तरकाकाला दे." नऊ सह्या, प्रत्येकाचा पत्ता, प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, कणकवलीहून कुरियरने आलेली एक, ढोलवाल्या काळूची एक, सगळं तारखेवार. दोन सह्या नव्हत्या. सुलभावहिनींची आणि माझी. प्रमुखाचीच नव्हती, बघ. कंपनीने दिलेली मुदत संपायला अकरा दिवस होते. मुदत टळली तर ते तयार संगीत घालणार, असं त्यांचं पत्र वरच लावलं होतं. माझ्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. मी पानं उलटून उलटून शोधली.

चार दिवस मी फाइल घेऊन नुसता बसलो. पाचव्या दिवशी कपाटातून तो कागद काढला आणि रकान्यात लिहिलं, सदानंद. आडनावासकट, नीट. बायको शेजारी उभी होती. तिने विचारलं, आता त्या फ्रेमचं काय? मी म्हटलं, असू दे, खोटं काय छापलंय ते दाखवायला.

अँटॉप हिलला गेलो. वहिनी थकल्यात आता. "खंयसून इलंस रे एवढ्या उन्हातना?" म्हणून आधी पाणी दिलं. मग चष्मा लावून कागद वाचला. हळूहळू वाचतात त्या, ओळीखाली बोट धरून. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"एवढी वर्सां लागली रे तुका?"

"चुकलं माझं, वहिनी."

"माका कित्याक सांगतंस? तेंका सांगूक होया होतां." मग भिंतीवरच्या सदाच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "तिका मी दुसऱ्या खेपेकच सांगितलेलंय. पाण्याचा, बादलीचा, सगळा."

मला वाटलं, माझ्या अंगावर कुणी पाणी ओतलं. "वैजूला माहीत होतं?"

"होय तर. मी म्हटलंय, तूच लिही नाव, मी आत्ता सही करतंय. तर ती म्हणाली..." आणि वहिनींनी तुझं वाक्य तुझ्याच भाषेत सांगितलं, जसं पाठ करून ठेवलं होतं. "'वहिनी, मी लिहू शकते. पण मला नाही लिहायचं. तो लिहील. मी थांबते.'"

त्यांनी सही केली. त्यांच्याच टेबलावर मी माझी केली. क्रमाने मी अकरावा.

खाली उतरून पायरीवर बसलो. सईला फोन केला आणि तारीख विचारली. डॉक्टरांनी तुला किती दिवस उरलेत ते सांगितलं, ते कधी. तुझ्या अँटॉप हिलच्या त्या दुसऱ्या खेपेच्या आधीच्याच आठवड्यात, ती म्हणाली. म्हणजे तुझ्या हातात पेन होतं, नाव ठाऊक होतं, सही समोर तयार होती. एका मिनिटाचं काम. तुझा गेम तुझ्या डोळ्यांदेखत बाहेर आला असता. आणि तू तो रकाना कोरा ठेवून माझ्याकडे आलीस, म्हणालीस, सवडीने भर.

आज कंपनीचं पत्र आलं. कागद पूर्ण आहेत, 'पाणी आलं' त्याच्या मूळ संगीतासह येतोय, डंबेल्सच्या किणकिणाटासकट. सईने बाटलीला, टिल्लूला, सगळ्यांना कळवलं. वकिलाने खाली स्वतःहून लिहिलंय की इतकी चोख फाइल त्याच्याकडे याआधी आली नव्हती. मी ते पत्र घेऊन लालबागभर फिरलो आणि प्रत्येकाला सांगितलं की ही फाइल आमच्या वैजूने केली, आणि ज्या चालीबद्दल मी इतकी वर्षं छाती फुगवली ती सदाची आहे. एकाच दमात दोन्ही सांगितलं. पहिलं सांगताना माझी छाती जेवढी फुगली तेवढी त्या चालीने कधी फुगली नव्हती.

तू माझी वाट पाहिलीस, वैजू. तुझ्याकडे वेळ नव्हता आणि तो तू माझ्यावर खर्च केलास, मी स्वतःहून खरं लिहीन म्हणून. माझ्यावर एवढा विश्वास माझाही नव्हता. मला उशीर झाला. पण लिहिलं मी. माझ्याच हाताने लिहिलं.

तुझा,
मास्तर